शाळेच्या लॅबमध्ये नेटवर्कवरून ओएस टाकताना दरवर्षी अर्धी मशीनं अडकायची, शेवटी कारण सापडलं

मी इंदूरला एका शाळेत कम्प्युटर शिकवते आणि लॅबही माझ्याकडेच आहे. खाली २२ मशीनं, वरच्या मजल्यावर १६, एकूण ३८. दर मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांवर ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्यानं टाकायची असते, आणि पेन ड्राइव्ह घेऊन एकेक मशीन करत बसलं तर सगळी सुट्टी त्यातच जाते, म्हणून तीन वर्षांपूर्वी फॉग बसवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फॉग फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लिनक्स मशीनवर चालतं. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे डिस्कची पूर्ण नक्कल, सर्व्हरवर घ्यायची आणि बाकीच्या मशीनांनी नेटवर्कवरून बूट होऊन ती उतरवून घ्यायची. म्हणायला एका दुपारचं काम.

पण तीन वर्षं तेच रडगाणं. पहिली दहा-बारा मशीनं सरळ बूट होतात, मेनू येतो, इमेज उतरते, आपल्याला वाटतं आज चारपर्यंत मोकळे. मग एखादं मशीन काळ्या स्क्रीनवर दोन ओळी दाखवतं आणि गपचूप हार्ड डिस्कवरून जुनं विंडोज उघडतं. रीस्टार्ट केलं की कधी चालतं कधी नाही, सकाळी अडलेलं दुपारी चालतं आणि काल चाललेलं आज अडतं. पहिल्या वर्षी मी फॉग दोनदा पुसून परत टाकलं. दुसऱ्या वर्षी सर्व्हरचं मशीनच बदलायला लावलं शाळेला, १६ जीबी रॅमवालं घेतलं. दोन्ही वेळा चार दिवस बरं चाललं आणि मग परत तेच, आणि शेवटची दहा-बारा मशीनं पेन ड्राइव्हनंच करावी लागली.

ह्या वर्षी तसं सोडून चालणार नव्हतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, खालच्या लॅबची मशीनं इंटेलच्या सहाव्या पिढीची आहेत आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे ती २२ मशीनं एक तर भंगारात नाहीतर लिनक्सवर. भंगारात घालण्यासारखी ती अजिबात नाहीत, एसएसडी टाकल्यावर पायथॉन शिकवायला छान चालतात, म्हणून मी लिनक्स मिंटसाठी हट्ट धरला आणि प्रिन्सिपल मॅडमनी हो म्हटलं. आमच्याकडे बरीच मुलं अशी आहेत की घरी कम्प्युटर नाही, आठवड्यातले दोन पिरियड एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. चार मशीनं जरी बंद राहिली तरी एका मशीनवर तिघं बसतात आणि तिसऱ्याचा हात कीबोर्डला लागतच नाही. म्हणून ह्या वेळी ठरवलं की काहीही परत इन्स्टॉल करायचं नाही, आधी नेमकं कुठे अडतंय ते बघायचं.

तुमच्याकडे असंच होत असेल तर आधी बूट होताना काय काय होतं ते डोक्यात पक्कं करा, कारण बाहेरून ते एक काम दिसतं पण आत चार-पाच जण एकामागे एक येतात. मशीन चालू झालं की नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्राम, पीएक्सई, आपण सगळे पिक्सी म्हणतो तो, अख्ख्या नेटवर्कवर हाक मारतो की मला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्या आणि बूट कुठून करू ते सांगा. डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवर आयपी वाटणारा, आयपी देतो, आणि बूट सर्व्हर कोण, फाइल कोणती, हेही त्याच वेळी कळावं लागतं. मग टीएफटीपी ह्या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं, यूडीपीच्या ६९ नंबर पोर्टवर मागून, ती छोटी फाइल येते. फॉगमध्ये ती आयपीएक्सई, म्हणजे पिक्सीचंच सुधारलेलं रूप, असते. आता आयपीएक्सई ताबा घेतं आणि परत पहिल्यापासून आयपी मागतं. मेनू येतो, टास्क लावलेलं असेल तर लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, उतरतं, ते नेटवर्क कार्ड स्वतःच्या ड्रायव्हरनं उठवतं आणि तिसऱ्यांदा आयपी मागतं. मग कुठे एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वापरायच्या सोयीनं, सर्व्हरवरचं इमेजचं फोल्डर जोडलं जातं आणि पार्टक्लोन हा प्रोग्राम ती डिस्कवर लिहायला लागतो. म्हणजे एका बूटमध्ये तीन वेळा आयपी मागितला जातो, आणि दर वेळी ताबा बदलताना केबलची लिंक क्षणभर खाली जाऊन वर येऊ शकते. हे तीनदा होणं फार महत्त्वाचं आहे, पुढे त्याच्यावरच सगळं अडलेलं होतं.

कुठल्या टप्प्यावर अडलं ते एरर कोड सांगतो, पण तो दोन-तीन सेकंदच दिसतो. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवून बघा, ह्याच्यापेक्षा सोपा उपाय मला सापडला नाही. बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम. जुन्या बायोसवाल्या मशीनांवर ई६१ म्हणजे लिंकच नाही, केबल बघा. ई५१ म्हणजे हाक मारली पण कोणीच आयपी दिला नाही. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण बूट फाइलचं नाव कोणी सांगितलं नाही. ई३२ म्हणजे नाव कळलं, पण टीएफटीपीवर फाइल मागायला गेलं तर पलीकडून उत्तर नाही. युईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेला नवा प्रकार, असलेल्या मशीनांवर नंबर वेगळे असतात, ई१६ म्हणजे ऑफर आली नाही आणि ई१८ म्हणजे सर्व्हरनी वेळेत उत्तर दिलं नाही.

मी एक जुनी वही घेतली आणि प्रत्येक फेल झालेल्या बूटसाठी मशीन नंबर, वेळ आणि कोड लिहीत गेले. लॅब असिस्टंट दादा वरच्या लॅबमधून ओरडून सांगायचे आणि मी लिहायचे. दोन दिवसांनी वही घेऊन बसले तेव्हा अगदी स्वच्छ दिसलं. ई५१ फक्त खालच्या लॅबमध्ये. ई३२ खाली, आणि वर त्याच जागी ई१८, पण दोन्ही फक्त सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मधे. ई५३ फक्त लाइट जाऊन आल्यानंतर. तीन वर्षं मी ज्याला एक आजार समजत होते ते तीन वेगवेगळे होते, आणि मी एकावर काहीतरी केलं की दुसरा डोकं वर काढायचा आणि मला वाटायचं केलेलं फुकट गेलं.

आधी ई३२ घेते कारण तोच सगळ्यात त्रासदायक होता. मशीन नंबर १४ चा व्हिडिओ. थांबवला तेव्हा स्क्रीनवर असं होतं: क्लायंट आयपी १९२.१६८.०.१०७, मास्क २५५.२५५.२५५.०, डीएचसीपी आयपी १९२.१६८.०.१, प्रॉक्सी आयपी १९२.१६८.१०.५. मी दोनदा वाचलं. आमच्या शाळेत सगळे पत्ते १९२.१६८.१० नी सुरू होतात. मेन राऊटर १०.१, फॉग सर्व्हर १०.५. ही शून्याची रांग आमच्याकडे नाहीच.

आमचा मेन राऊटर इंटरनेटवाल्यांनी दिलेला आहे, त्याच्यात ऑप्शन ६६ आणि ६७ भरायची सोय नाही, म्हणजे बूट सर्व्हर कोण आणि फाइल कोणती ते तो सांगू शकत नाही. म्हणून फॉग सर्व्हरवर डीएनएसमास्क हे छोटं सॉफ्टवेअर प्रॉक्सी मोडमध्ये चालतं. राऊटर फक्त आयपी देतो, डीएनएसमास्क फक्त बूटची माहिती देतं, मशीन दोघांचं ऐकून पुढे जातं. बऱ्याच शाळांमध्ये हीच व्यवस्था असते आणि ती चांगली चालते. पण इथे तिसराच कोणीतरी आयपी वाटत होता. ज्या मशीनला त्याची ऑफर आधी पोचायची ते शून्याच्या रांगेत जायचं, मग १०.५ वरची फाइल मागायला निघायचं, १०.५ त्याच्या रांगेत नाही म्हणून गेटवेला, म्हणजे रांगेबाहेर जायच्या दाराला, द्यायचं, गेटवे म्हणजे तोच तिसरा, आणि त्याला १०.५ चा रस्ताच माहीत नाही. टाइमआउट. स्क्रीनवर लिहिलेलं येतं टीएफटीपी, म्हणून मी दोन वर्षं टीएफटीपीची सर्व्हिस आणि फायरवॉल तपासत बसले, आणि तिथे काहीच चुकलेलं नव्हतं.

शोधायचं कसं ते सविस्तर सांगते. सुट्टी असल्यामुळे मेन राऊटरची केबल पाच मिनिटं काढून ठेवता आली. लॅपटॉप केबलनी जोडला आणि नव्यानं आयपी मागितला. आता कोणीच उत्तर द्यायला नको, तरी १९२.१६८.०.११२ मिळाला. मग ०.१ ला एकदा पिंग केलं आणि एआरपी टेबलमधून, म्हणजे कुठल्या आयपीचं कार्ड कुठलं त्या यादीतून, त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर, काढला. खालच्या लॅबचा स्विच मॅनेज्ड आहे, म्हणजे ब्राउझरमध्ये पान उघडून त्याचं सेटिंग करता येतं, त्या पानावर मॅक टेबल असतं, कुठला मॅक कुठल्या पोर्टवरून येतोय ते. पोर्ट १९. ती केबल उपटली, लॅपटॉपवर परत आयपी मागितला, काही नाही. परत लावली, शून्याची रांग हजर. मॅनेज्ड स्विच नसेल तर एकेक केबल काढत हेच करायचं, वेळ लागतो पण सापडतं. लॅपटॉपवर वायरशार्क किंवा टीसीपीडम्प लावून ६७ आणि ६८ पोर्टवरचं डीएचसीपीचं बोलणं ऐकलं तरी दोन वेगवेगळे जण ऑफर देताना सरळ दिसतात, मेन राऊटर न काढता.

पोर्ट १९ च्या केबलवर लेबल नव्हतं आणि ती भिंतीत शिरत होती. शिपाई काकांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, "अरे मैडम, वो तो ऊपर स्टाफ रूम में अलमारी के पीछे जाती है, वहाँ वाई-फाई का डिब्बा लगा है ना, तीन साल हो गए।" कपाट सरकवलं तर खरंच, धुळीनं भरलेला छोटा घरगुती राऊटर, आपली केबल त्याच्या लॅन पोर्टात. स्टाफ रूमची लाइट अकराला चालू होते आणि चारला बंद, तोही तिच्याबरोबरच चालू-बंद व्हायचा. कोणी लावला ते मी विचारलं नाही. त्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही आणि सगळ्यांना हजेरी ऑनलाइन भरावी लागते, गरज खरी होती. म्हणून तो काढला नाही, त्याची डीएचसीपी बंद केली, त्याला १९२.१६८.१०.२ पत्ता दिला, केबल लॅन पोर्टातच ठेवली. आता तो फक्त वाय-फाय देतो, आयपी मेन राऊटरकडूनच येतो.

पण उद्या दुसरं कोणी दुसरा राऊटर लावेल, शाळा म्हटली की हे होणारच. म्हणून मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं. त्यात ठरावीक पोर्टना ट्रस्टेड म्हणायचं, बाकी पोर्टवरून कोणी आयपी वाटायला लागलं तर स्विच ते पुढे जाऊच देत नाही. इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात एक तास घालवला. मी फक्त मेन राऊटरचा पोर्ट ट्रस्टेड केला आणि खालच्या सगळ्याच मशीनांवर ई५३ यायला लागला. डीएनएसमास्कची प्रॉक्सी उत्तरंही डीएचसीपीचीच ऑफर असते, स्विच तीही अडवतो. फॉग सर्व्हरचा पोर्टही ट्रस्टेड करायचा, विसरू नका.

आता ई५१, जो फक्त खालच्या लॅबमध्ये यायचा. वरच्या लॅबचा स्विच साधा आहे, त्याच्यात काही सेटिंगच नाही, आणि तिथे हा प्रकार एकदाही झाला नाही. एवढ्यावरूनच संशय यायला हवा की चांगल्या, महागड्या स्विचमध्येच काहीतरी आहे. ते म्हणजे स्पॅनिंग ट्री. पोर्टवर नवी लिंक आली की जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद शिकतं, तोवर आपल्या मशीनचा एकही पॅकेट पुढे जात नाही. कुठे लूप, म्हणजे केबल फिरून परत तिथेच, तर होत नाही ना ते बघण्यासाठी हा थांबा असतो. इकडे पिक्सीचं स्टँडर्ड १९९९ मधलं, त्यात हाक मारून थांबायच्या वेळा ठरलेल्या आहेत: ४ सेकंद, मग ८, मग १६, मग ३२. हिशोब करा. पहिली हाक शून्यावर, दुसरी चौथ्या सेकंदाला, तिसरी बाराव्या आणि चौथी, शेवटची, साधारण अठ्ठाविसाव्या सेकंदाला. पोर्ट उघडतं तिसाव्या सेकंदाला. लिंक आल्यावर पिक्सीला सुरू व्हायला तीन-चार सेकंद लागले तर शेवटची हाक पोचते, नाही लागले तर दोन सेकंदांनी हुकते. म्हणूनच तेच मशीन कधी चालायचं आणि कधी नाही. आणि नुसतं रीस्टार्ट केलं तर कधी कधी लिंक पडतच नाही, पोर्ट उघडंच असतं, म्हणून रीस्टार्ट केलं की चालतं असं वाटायचं. हे कागदावर मांडून बघितलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण तीन वर्षं जे आपोआप होतंय असं वाटत होतं त्याला सरळ गणित निघालं.

आणि पिक्सीतून सुटलं तरी पुढे कर्नल उठल्यावर लिंक परत पडली की परत तीस सेकंद. फॉगमध्ये तिथे मेसेज येतो की डीएचसीपी फेल झालं किंवा सर्व्हरच्या पानापर्यंत पोचता आलं नाही. लोक तो वाचून सर्व्हर तपासायला धावतात.

खात्री करायची सोपी युक्ती आहे. एक साधा पाच पोर्टचा स्विच घ्या, कुठल्याही दुकानात मिळतो, तो मशीन आणि मोठ्या स्विचच्या मधे लावा आणि एक मिनिट थांबून मग मशीन चालू करा. आता मशीनची लिंक पडली तरी ती छोट्या स्विचवर पडते, मोठ्या स्विचला काही कळत नाही. पाचपैकी पाच वेळा चाललं तर दोष स्पॅनिंग ट्रीचाच. आमच्याकडे मशीन नंबर ९ वर सलग सहा वेळा चाललं.

उपाय म्हणजे कम्प्युटर लावलेल्या पोर्टना एज पोर्ट करायचं, काही कंपन्या त्याला पोर्टफास्ट म्हणतात, आणि जमत असेल तर मोड रॅपिड स्पॅनिंग ट्री ठेवायचा. एज पोर्ट लिंक येताक्षणी उघडतं. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला मात्र हे करू नका. आणि कृपा करून स्पॅनिंग ट्री सगळंच बंद करू नका. हा सल्ला बरेच जण देतात, त्यानं पिक्सी चालते हे खरं, पण लॅबमध्ये लटकणारी पॅच कॉर्ड बघून तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो, आणि मग ऑफिसपासून लायब्ररीपर्यंत सगळ्या शाळेचं नेटवर्क बसतं. एज पोर्टवर बीपीडीयू गार्डही लावून टाका, बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, कोणी तिथे स्पॅनिंग ट्रीवाला स्विच जोडला किंवा लूप केला आणि असा निरोप आला तर पोर्ट आपोआप बंद होतो.

ई५३ चं कारण सगळ्यात साधं निघालं. इंदूरला मे-जूनमध्ये संध्याकाळी वारा सुटला की लाइट जाते, आमचा यूपीएस दहा मिनिटं धरतो आणि मग सर्व्हर बसतो. लाइट आली की सर्व्हर आपोआप उठतो, पण डीएनएसमास्क नेटवर्क कार्ड तयार व्हायच्या आधीच सुरू व्हायला जायचं, त्याला इंटरफेस सापडायचा नाही आणि ते बंद पडून राहायचं. फॉगचं वेब पान उघडायचं, सगळं हिरवं दिसायचं, म्हणून कोणाला शंका यायची नाही. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी घातल्या, नेटवर्क पूर्ण ऑनलाइन झाल्यावरच सुरू हो, आणि पडलीस तर पाच सेकंदांनी परत सुरू हो. मग मुद्दाम चार वेळा सर्व्हरचा प्लग काढून परत लावला, चारही वेळा आपणहून उठलं. सर्व्हरला आयपी मात्र स्टॅटिकच, म्हणजे कायमचा ठरलेला, द्या. फॉग इन्स्टॉल करताना तो पत्ता ठिकठिकाणी लिहून ठेवतं, नंतर बदलला तर अर्ध्या गोष्टी जुन्याच पत्त्यावर जाऊन अडतात.

दोन मशीनं सोडून बूट सगळीकडे व्हायला लागलं, आता इमेज खालच्या वीस मशीनांवर एकदम उतरवायची म्हणून मल्टिकास्ट लावलं. सर्व्हर एकदाच पाठवतो आणि सगळी एकदम ऐकतात. सगळ्या मशीनांवर निळ्या स्क्रीनवर टक्के चढायला लागले, आणि साधारण सव्वाचार मिनिटांनी वीसच्या वीस एकाच टक्क्यावर थांबली. परत केलं, परत सव्वाचार मिनिटं. एवढा नेमका आकडा आला की तो कुठल्या तरी टाइमरचा असतो. आयजीएमपी स्नूपिंगमध्ये स्विच लक्षात ठेवतो की कुठल्या पोर्टला मल्टिकास्ट हवंय, आणि ही यादी २६० सेकंद टिकते. मधे मधे कोणी तरी विचारावं लागतं की अजून हवंय का, त्याला क्वेरिअर म्हणतात, आणि आमच्या नेटवर्कमध्ये तो कोणीच नव्हता. २६० सेकंद झाले, यादी रिकामी, स्विचनी सगळ्यांचं बंद केलं. स्विचमध्येच क्वेरिअर चालू करायचा पर्याय असतो, तो केला. नसेल तर इमेज उतरेपर्यंत स्नूपिंग बंद ठेवा, मग स्विच सगळीकडे पाठवतो, सुट्टीत त्यानं काही बिघडत नाही.

आता थांबेना, पण फार हळू. आमची मिंटची इमेज लहान आहे, वरच्या लॅबची विंडोज ११ ची २२ जीबीची. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे केबलवरून चार मिनिटांच्या आत, डिस्कवर लिहायला थोडा जास्त वेळ. १०० मेगाबिटवर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाच्या वर. आणि मल्टिकास्ट सगळ्यात हळू मशीनच्या चालीनं जातं. एक मशीन १०० वर असेल तर बाकी सगळी त्याच्यासाठी थांबतात. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिट दोनवर चालतं, म्हणून एखादी तार तुटली तरी लिंक येते, इंटरनेट चालतं, कोणाला काही कळत नाही. स्विचवरच्या दिव्याचा रंग बघा, आमच्याकडे गिगाबिटला हिरवा आणि १०० ला नारिंगी आहे. खाली एक नारिंगी होता, वर तीन. दोन केबलींच्या आरजे-४५ प्लगमध्ये तपकिरी तार नीट बसलीच नव्हती, ते परत क्रिम्प केले. बाकी दोन केबली टेबलच्या पायाखाली चेपून गेल्या होत्या, त्या बदलल्या. बदलायला केबल नसेल तर ते मशीन मल्टिकास्टमधून काढून शेवटी एकटं करा.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. खालच्या लॅबच्या अकरा मशीनांचा बूट ऑर्डर दर वर्षी आपोआप बदललेला सापडायचा, नेटवर्क बूट बंद, तारीख भलत्याच वर्षाची. सेटिंग आणि तारीख धरून ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. ३ व्होल्टचा असतो, मीटर लावला तर काही २ च्याही खाली. अकराही बदलले, त्या दिवसापासून सेटिंग टिकतंय. वरच्या लॅबची मशीनं युईएफआय आहेत, त्यांना बूट फाइल वेगळी लागते. मशीन हाक मारतानाच ऑप्शन ९३ मध्ये आपला प्रकार सांगतं, ० म्हणजे जुना बायोस आणि ७ किंवा ९ म्हणजे ६४ बिटवालं युईएफआय, आणि डीएनएसमास्कमध्ये त्याप्रमाणे दोन फाइली लिहून ठेवायच्या, एकच लिहिली तर एक लॅब चालते आणि दुसरी नाही. आमच्या फॉगमधल्या आयपीएक्सईवर मायक्रोसॉफ्टची सही नाही, म्हणून सिक्युअर बूट चालू असेल तर मशीन ती फाइल नाकारतं, तेवढ्यापुरतं ते बंद करावं लागलं. आणि जुन्या बायोस मोडमध्ये तयार केलेली इमेज युईएफआय मशीनवर उतरते व्यवस्थित, पण बूट होत नाही, म्हणून दोन इमेज वेगळ्याच ठेवा.

आयपी संपण्याचा प्रकारही एकदा झाला. पिक्सी, आयपीएक्सई आणि नंतरची ओएस आपली ओळख वेगवेगळी सांगतात, म्हणून एकच मशीन दोन-तीन आयपी धरून बसू शकतं, वर स्टाफचे फोन, आणि लीज, म्हणजे आयपी राखून ठेवायची मुदत, चोवीस तासांची. ह्या कामाच्या दिवसांत लीज एक तासावर आणली.

इमेज घेण्याआधी विंडोजवर फास्ट स्टार्टअप आणि हायबरनेशन बंद करा, नाहीतर पार्टिशन अर्धवट झोपलेलं राहतं आणि इमेज घेणं अडतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, चालू आहे का तेही बघा. विंडोज ११ मध्ये तो कधी कधी न विचारता चालू झालेला असतो, आणि मग पार्टक्लोनला आतलं काही कळत नाही, रिकामी जागासुद्धा तशीच्या तशी उचलतं आणि इमेज डिस्कएवढी होते. पहिल्यांदा आमची २२ जीबीची इमेज २०० च्या वर जायला लागली तेव्हा हेच होतं. लिनक्समध्ये मशीन-आयडीची फाइल रिकामी करून मग इमेज घ्या, फाइल काढून टाकू नका, नुसती रिकामी. नाहीतर सगळी मशीनं एकाच ओळखीची होतात आणि काही सिस्टिमवर सगळ्यांना एकच आयपी मिळायला लागतो.

आता दोनच मशीनं राहिली होती, नंबर ७ आणि २०. मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा दोघांचं मदरबोर्डवरचं लॅन गेलं होतं. जेल रोडवरून दोन लॅन कार्ड आणून लावली, पण त्यांच्यात बूट रॉमच, म्हणजे पिक्सीचा तो छोटा प्रोग्रामच, नाही, बूट मेनूत नेटवर्क दिसतच नाही. एका जुन्या ४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर आयपीएक्सई टाकलं, त्याच्यावरून मशीन उठवलं, त्यानी नव्या कार्डावरून आयपी मागितला आणि समोर फॉगचा मेनू आला. मंगळवारी दुपारी दोघांवर मिंट चढलं. तो पेन ड्राइव्ह आता लॅबच्या कपाटात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, आणि त्याच्या शेजारी कुठल्या पोर्टला कुठलं मशीन, त्याची यादी.